बोर्डाने ३० टक्के लिहिले, आता पुढे काय?

हा प्रश्न नागपूरच्या उत्तर भागातल्या एका २९ वर्षांच्या ताईंचा आहे. त्यांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे नुसत्या वाहक नाहीत, प्रत्यक्ष आजार आहे. शिवणकाम करायच्या, पण दोन वर्षांपासून डावा खुबा दुखतो म्हणून मशीनवर बसणं सुटलं. आई भाजी विकते. उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाचे ४८ हजार रुपये आहेत. अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाने ३० टक्के लिहिले आणि संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनचा अर्ज परत आला. त्या विचारतात, "मी धडधाकट दिसते म्हणून असं झालं का? परत अर्ज केला तर हे ३० पण जातील का?"

ताई, मी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून २६ वर्षं काम केलं. तुमच्यासारख्या कितीतरी मुलामुलींच्या पिशव्या टेबलावर रिकाम्या करून कागद लावून दिले आहेत. त्या अनुभवावरून सांगते. धडधाकट दिसण्याचा फटका बसतोच, ते खोटं नाही. पण तुमच्या पत्रात मला त्याहून मोठं कारण दिसलं. तुम्ही लिहिता, वर्षभरात नऊ-दहा वेळा क्रायसिस, म्हणजे असह्य वेदनेचा झटका, आला आणि त्यातल्या दोन वेळा भरती व्हावं लागलं. मग उरलेले सात-आठ क्रायसिस कुठे गेले? गरम पाण्याची पिशवी, मेडिकलमधून आणलेली गोळी आणि रात्रभर पाय चोळणारी आई, यात ते निघून गेले. बोर्डासमोर फक्त दोन डिस्चार्ज कार्डं होती. घरी सोसलेलं दुखणं सरकारच्या हिशोबात धरलं जात नाही. हे क्रूर वाटतं, मलाही वाटायचं. पण टक्का याच हिशोबाने निघतो, म्हणून आधी तो समजून घ्या.

सिकलसेल या हिशोबात आला तोच मुळी उशिरा. १९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सातच प्रकार होते आणि रक्ताचा एकही आजार त्यात नव्हता. तेव्हा माझ्यासमोर खुबा पूर्ण गेलेली पोरं बसायची आणि त्यांना फक्त लंगडण्याचे टक्के मिळायचे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार २१ झाले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीन रक्ताचे आजार त्यात आले. ज्या विदर्भात गल्लीगल्लीत एसएसचे पेशंट आहेत, तिथे ही फार मोठी गोष्ट होती. लक्षात ठेवा, यात फक्त आजार असलेले येतात. एएस पॅटर्न म्हणजे वाहक, त्यांना अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळत नाही.

हात नसलेल्या माणसाला बोर्डाने सोमवारी पाहिलं काय आणि गुरुवारी पाहिलं काय, टक्के तेच येतात. सिकलसेलचं तसं नाही. एका मुलाची गोष्ट सांगते. बोर्डाच्या दिवशी त्याचं अंग हलकं होतं. आईने इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालून दाखव. तो चालला. म्हणाले, हात वर कर. त्याने केला. "काही त्रास आहे का सध्या?" "नाही सर." आणि तो खरंच बोलत होता, त्या दिवशी काही नव्हतं. तीन दिवसांनी तोच मुलगा छातीच्या दुखण्याने ऑक्सिजनवर होता. त्याला सध्याचं विचारलं आणि त्याने सध्याचं सांगितलं. वर्षाचं सांगायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्हीही तेच केलं असणार असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे डॉक्टरने विचारलं की "बरं आहे" म्हणायची सवय असते.

सिकलसेलमध्ये बोर्ड काय पाहतं? वेदनेचे तीव्र झटके किती वेळा आले, रक्त किती वेळा लावावं लागलं, भरती किती वेळा झाली आणि आजाराने कुठला अवयव बिघडवला. म्हणजे जवळजवळ सगळे प्रश्न "किती वेळा"चे आहेत. त्याचं उत्तर तोंडी दिलं तर कुणी लिहून घेत नाही. कागदावर असेल तर डॉक्टरलाही टक्का लिहायला आधार मिळतो. बोर्डावरचे बहुतेक डॉक्टर वाईट नसतात, पण एका सकाळी त्यांच्यापुढे रांग असते आणि खाली सही त्यांची असते.

म्हणून आजपासून एक साधी शंभर पानी वही करा. क्रायसिस आला की तारीख, कुठे दुखलं, किती दिवस, कोणती गोळी घेतली, कामाचे किती दिवस गेले, एवढंच लिहा. पण नुसती वही पुरावा होत नाही. ती आठवणीसाठी आहे आणि डॉक्टरला दाखवण्यासाठी आहे. क्रायसिस घरी निभला तरी दुसऱ्या दिवशी जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ओपीडीत जाऊन केसपेपर काढा आणि डॉक्टरांना "सिकलसेल क्रायसिस" हे शब्द लिहायला सांगा. मी असे कितीतरी केसपेपर पाहिले ज्यावर नुसतं "अंगदुखी" लिहिलेलं असतं. त्या कागदाचा बोर्डापुढे काही उपयोग होत नाही. खाजगी डॉक्टरकडे गेलात तर त्यांची चिठ्ठी जपा. रक्त लावलं असेल तर रक्तपेढीची पावती आणि भरतीच्या कागदातलं ते पान झेरॉक्स करून ठेवा. आणि सगळ्यांच्या वर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीचा रिपोर्ट लावा, त्यात पॅटर्न कळतो. शाळेच्या शिबिरात झालेली सोल्युबिलिटी टेस्ट चालत नाही, कारण त्यात एएस आणि एसएस वेगळं कळत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची गोळी सुरू असेल तर बोर्डासाठी ती बंद करू नका. "गोळीने बरं वाटलं तर टक्के कमी होतील" असं कुणीतरी सांगतं आणि पोरं महिना महिना गोळी सोडतात. जीवाशी खेळ आहे तो. उलट दर महिन्याला ओपीडीत जाऊन गोळी घेतल्याची नोंद कार्डावर असली, तर आजार कायमचा आहे आणि उपचार चालूच आहेत हे आपोआप दिसतं.

आता तुमच्या खुब्याकडे येते, कारण तुमच्या प्रकरणाची किल्ली मला तिथे दिसते. सिकलसेलमध्ये खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचेनासं होतं आणि हाड आतून मरत जातं. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला ते साध्या एक्सरेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. तुम्ही लिहिलंय की एक्सरे "नॉर्मल" आला आणि विषय तिथेच संपला. तो संपायला नको होता. अस्थिरोग ओपीडीत जा, पत्र न घेता नुसतं "पाय दुखतो" म्हणू नका, मेडिसिनच्या डॉक्टरांकडून "एसएस पेशंट, खुबा दुखतो, एव्हीएन असू शकतो" अशी चिठ्ठी लिहून घेऊन जा. एमआरआयची तारीख लांबची मिळेल, तरी घ्या. एव्हीएन निघाला तर लवकर कळलेलं उपचारासाठीही बरं. खुबा लवकर हाती लागला तर वाचवता येण्याची आशा जास्त असते, टक्क्यांचं नंतर.

टक्क्यांच्या बाजूने त्याचा अर्थ असा. तुमच्या सर्टिफिकेटवर फक्त रक्ताच्या आजाराचे ३० टक्के आहेत. खुब्यामुळे मांडी घालून बसता येत नाही, पाय पूर्ण वळत नाही, चालायला मर्यादा आहे, हे वेगळं अपंगत्व आहे. ते हाडांचे डॉक्टर मोजतात. दोन अपंगत्वं असली की बोर्ड त्यांची सरळ बेरीज करत नाही. नव्वदमधून मोठा आकडा वजा करतात, उरलेल्याने लहान आकड्याला गुणतात, नव्वदने भागतात आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवतात. समजा खुब्याचे २० टक्के निघाले. ९० मधून ३० गेले, ६० राहिले. २० गुणिले ६० भागिले ९० म्हणजे १३.३. ते ३० मध्ये मिळवले की ४३.३ होतात. म्हणजे चाळिसाची रेघ ओलांडली. खुब्याचे किती टक्के निघतील हे मी सांगू शकत नाही, ते तपासणाऱ्याने ठरवायचं. आणि एकच बिघाड दोन्हीकडे मोजला जाऊ नये हे बोर्ड बघेलच, ते बरोबरही आहे. पण खुबा तपासलाच गेला नाही, हे मात्र बरोबर नाही. सर्टिफिकेटवर किती अपंगत्वं मोजली ते स्वतः वाचा. सिकलसेलच्या बऱ्याच पेशंटचं इथेच चुकतं. कुणाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला असतो, कुणाची नजर कमी झालेली असते आणि सर्टिफिकेट मात्र फक्त रक्ताचं निघतं.

४० टक्क्यांवर एवढा जोर का, तेही सांगते, कारण तुम्हाला अर्ज परत आल्याचं कारण कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. संजय गांधी निराधार योजनेत तुम्ही दोन दारांनी जाऊ शकता. एक दार सिकलसेलग्रस्त म्हणून. त्या यादीत आजाराचं नाव आहे, टक्के लागत नाहीत, पण घरचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. दुसरं दार दिव्यांग म्हणून. तिथे ४० टक्के हवेत, पण उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे. तुमचा दाखला ४८ हजारांचा. म्हणजे पहिलं दार उत्पन्नाने बंद, दुसरं टक्क्यांनी बंद. दहा टक्के वर गेले की दुसरं उघडतं. आणि दिव्यांग लाभार्थ्याला ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २५०० रुपये झाले आहेत, बाकीच्यांना १५०० आहेत. तुमच्या घरात हा फरक छोटा नाही. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावाही लागतो, त्याची तुम्हाला अडचण दिसत नाही.

आता तुमची भीती. परत तपासणी झाली तर ३० खाली जातील का? जाऊ शकतात. नवी तपासणी म्हणजे नवा आकडा, मी खोटा धीर देणार नाही. पण तुमच्या हातात आज जे ३० आहेत त्यावर पेन्शन मिळत नाहीच. मग राखायचं काय आहे? कागद नीट लावून गेलात तर तुमच्यासारखीचा आकडा खाली जाण्यापेक्षा वर जाण्याची शक्यता मला जास्त वाटते.

रस्ते दोन आहेत. बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. दुसरा रस्ता, नव्या अपंगत्वाची भर पडली म्हणून नव्याने तपासणी मागायची. तुमच्यासाठी मी दुसरा सांगेन, कारण खुबा आधी मोजलाच नव्हता आणि अपिलात जुन्याच कागदांवर वाद होतो. ज्यांच्याकडे सगळे कागद होते आणि तरी बोर्डाने पाहिले नाहीत, त्यांनी अपील करावं आणि उशीर न करता करावं. अर्ज नाकारला तर बोर्डाने कारण लेखी द्यायचं असतं, त्यासाठी ठरलेला नमुना आहे, नमुना ८. खिडकीवरून "नाही होत" एवढं ऐकून परत येऊ नका. "मला लेखी द्या" असं शांतपणे म्हणा. देत नसतील तर साधा अर्ज लिहून आवक शिक्क्यासह पोच घ्या. पुढे माहितीच्या अधिकारात किंवा अपिलात हाच शिक्का कामी येतो. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट आड येत नाही, आणि जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय आहे.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवरच, म्हणजे अपंगत्वाच्या सर्टिफिकेटच्या सरकारी वेबसाइटवरच, होतो. जून २०२१ पासून सर्टिफिकेट ऑनलाइनच निघतं, हाताने लिहिलेलं जुनं घेऊन बसलेल्यांनीही ते करून घ्यावं. तुमचा पत्ता नागपूर जिल्ह्याचा आहे तर नागपूर जिल्ह्यातच अर्ज जाईल. माहेर-सासरचा पत्ता वेगळा असलेल्या बायकांची आधार कार्डामुळे इथे फार अडचण होते, आधी पत्ता बदलून घ्या आणि मगच अर्ज भरा. सर्टिफिकेट कायमचं आहे की मुदतीचं, ते बघा. मुदतीचं असेल तर संपायच्या चार-पाच महिने आधी नूतनीकरणाला लागा. मुदत संपली की निराधारचा पगार थांबतो आणि परत सुरू करायला जोडे झिजतात.

तहसीलमधलं काम तुम्ही केलेलंच आहे, त्यामुळे लांबवत नाही. फक्त आधार, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि सर्टिफिकेट या चारही कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते ताडून पाहा. पैसे आता थेट खात्यात येतात, आधार खात्याला जोडलेलं नसेल तर मंजुरी होऊनही महिने कोरडे जातात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. आणि डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन असताना शक्यतो सरकारी कचेऱ्यांच्या सिव्हिल लाइन्सचे हेलपाटे टाळा. रस्ते अडवलेले असतात, निम्मा स्टाफ अधिवेशनाच्या ड्युटीवर असतो आणि त्यातून थंडी, जी तुम्हाला मुळीच सोसत नाही.

ऑफिसच्या बाहेर कुणी "इतके द्या, पन्नास टक्के काढून देतो" म्हणेल. त्याच्या वाटेला जाऊ नका. खोट्या पद्धतीने लाभ घेतला तर कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला त्याहून जास्त वाईट याचं वाटतं की पैसे देऊन काढलेल्या एकेका सर्टिफिकेटमुळे बोर्ड पुढच्या दहा खऱ्या पेशंटकडे संशयाने बघतं. तुमच्याकडे तसं बघितलं गेलं त्याला तेही कारण आहे.

तोवर जे मिळतंय ते सोडू नका. सिकलसेल पेशंटला एसटीच्या साध्या गाडीत मोफत प्रवास आहे. उपचारासाठी रेल्वेने जायचं असेल तर तिकिटात सवलत आहे, पण ती अपंगत्वाच्या कार्डावर मिळत नाही, दवाखान्याकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं पत्र घ्यावं लागतं. रक्त लागलं तर सिकलसेलच्या पेशंटकडून रक्ताचे पैसे घ्यायचे नसतात. कुणी मागितले तर आधी दवाखान्याच्या समाजसेवा विभागात जा, तिथे कुणीतरी असतंच. आणि ३० टक्क्यांचं सर्टिफिकेट फेकायचं नाही. ४० च्या खाली असलेली व्यक्तीही कायद्याने दिव्यांगच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलं की परीक्षेत लेखनिक मिळण्यासारखी आवश्यक सोय फक्त ४० टक्केवाल्यांपुरती नाही. उद्या तुम्ही एखादी परीक्षा द्यायची ठरवली किंवा कुठे नोकरीला लागलात, तर हे उपयोगी पडेल.

तुमच्या पत्राच्या शेवटी शेजारच्या काकांचं विचारलंय. त्यांचं डायलिसिस चालतं. मूत्रपिंडाचा आजार त्या २१ प्रकारांत नाही, त्यामुळे बोर्डाकडे जाऊन हाती काही लागणार नाही, त्यांची ती फेरी वाचवा. साधा मधुमेह, हृदयविकार यांचंही तसंच. त्या आजाराने पाय कापावा लागला, नजर गेली, झटका येऊन हात लुळा पडला, तर त्या परिणामाचे टक्के मिळतात. संधिवाताचंही असंच, आजाराला टक्के नाहीत, वाकड्या झालेल्या सांध्यांना आहेत. काकांसाठी दार निराधार योजनेतच आहे. त्या नियमात क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग "यासारख्या दुर्धर आजारामुळे" चरितार्थ चालवू न शकणारे, अशी भाषा आहे. "यासारख्या" हा शब्द महत्त्वाचा. खिडकीवर यादी वाचून "किडनी नाही यात" असं सांगितलं, तर हा शब्द बोट ठेवून दाखवा. सोबत डॉक्टरांचं पत्र हवं, आठवड्यातून किती वेळा डायलिसिस आणि माणूस काम का करू शकत नाही हे लिहिलेलं. त्यांचं उत्पन्न २१ हजारांच्या आत आणि वय ६५ च्या आत हवं. डायलिसिसच्या पेशंटलाही एसटी मोफत आहे.

आता बोर्डाच्या दिवसाचं. तारीख आली की आदल्या आठवड्यात कागद तारखेप्रमाणे लावा, नवा वर, जुना खाली. वर एक कोरा कागद ठेवून त्यावर स्वच्छ अक्षरात चार ओळी लिहा. गेल्या १२ महिन्यांत क्रायसिस किती, भरती किती, रक्त किती वेळा, खुब्याचा एमआरआय कोणत्या तारखेचा. डॉक्टरांना शंभर पानं चाळायला वेळ नसतो, पण चार ओळी ते वाचतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. उन्हाळा असेल तर पाण्याची बाटली घेऊन जा आणि घोट घोट पीत राहा, रांगेत अंगातलं पाणी कमी झालं की तिथेच क्रायसिस सुरू व्हायचा. हिवाळा असेल तर स्वेटर, मोजे. जमिनीवर बसायला लावलं आणि बसवत नसेल तर "बसता येत नाही" म्हणा, ओठ दाबून बसू नका. "सध्या कसं आहे?" विचारलं तर "आज ठीक आहे, पण गेल्या वर्षात इतक्या वेळा पडून होते" असं पूर्ण वाक्य बोला.

आणि आईला सोबत न्या. भाजीचा एक दिवस बुडेल, पण रात्री उठून तुमचे पाय चोळणारी तीच आहे. खुब्याने तुम्हाला काय काय करता येत नाही हे ती तुमच्यापेक्षा मोकळेपणाने सांगेल. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं तर तुम्ही मध्ये बोलू नका, तिला सांगू द्या.